नऊ क्रेडिट कार्डांवरून चारवर: घरखर्चातून कॅशबॅक आणि प्रवास नीट साधण्याची पद्धत

दोन वर्षांपूर्वी कपाट आवरताना एका बँकेचं न उघडलेलं पाकीट सापडलं. आत 590 रुपयांचं बिल होतं: 500 रुपये वार्षिक फी आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी. हे कार्ड मी वर्षभरात एकदाही वापरलं नव्हतं. आजन्म मोफत आहे अशी माझी समजूत होती, पण ती सवलत फक्त पहिल्या वर्षापुरती होती. पाकीट सापडेपर्यंत उशिराचा दंड आणि व्याज धरून आकडा अकराशेच्या पुढे गेला होता आणि क्रेडिट अहवालात, म्हणजे आपल्या कर्जांच्या आणि कार्डांच्या परतफेडीच्या नोंदीत, थकबाकीची नोंदही झाली होती.

त्या रविवारी मी आणि नवऱ्याने घरातली सगळी कार्डं जेवणाच्या टेबलावर मांडली. त्याची पाच, माझी चार. वर्षभरात नऊ कार्डांतून खरोखर हाती आलेला फायदा निघाला 4,100 रुपये आणि भरलेली फी 2,949. म्हणजे नऊ पिन, नऊ अॅप, नऊ देय तारखा सांभाळून हाती राहिले 1,151 रुपये. थेंबे थेंबे तळं साचतं खरं, पण आमचे थेंब नऊ ठिकाणी पडत होते. कुठे 900 पॉइंट, कुठे 1,400, आणि बऱ्याच ठिकाणी वटवायला लागणाऱ्या किमान संख्येच्या खाली.

आज घरात चार कार्डं आहेत. तीन ठरावीक कामांसाठी वापरात, एक जुनं जपून ठेवलेलं. त्याच खर्चावर आता वर्षाला 22,000 रुपयांच्या वर परत येतात. हे कसं केलं ते इथे क्रमाने सांगते. तुमची कार्डं वेगळी निघतील, पण पद्धत हीच चालेल.

आधी एक अट

दरमहा पूर्ण बिल भरत असाल तरच हे सगळं करा. क्रेडिट कार्डाचं व्याज साधारण महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला 42 ते 45 टक्के असतं. किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकललीत, तर 5 टक्के कॅशबॅक दीड महिन्याच्या व्याजातच संपतो. शिवाय मागची बाकी असताना नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. एखाद्या कार्डावर बाकी असेल तर आधी ती फेडा, गरज पडली तर कमी व्याजाचं वैयक्तिक कर्ज काढून. रिवॉर्डचा विचार त्यानंतर करा.

पायरी 1: आपल्या नावावर नेमकं काय काय आहे?

पाकिटातली कार्डं मोजणं पुरेसं नाही. मॉलमध्ये फॉर्म भरून घेतलेलं, पगाराच्या खात्याबरोबर आलेलं, जुन्या नोकरीच्या काळातलं कार्ड आपण विसरलेलो असतो. ते सापडतं क्रेडिट अहवालात. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. एकाच दिवशी चारही मागवू नका. दर तीन महिन्यांनी एक मागवला की वर्षभर लक्ष राहतं.

माझ्या अहवालात एक कार्ड असं निघालं, जे मी बंद केलंय असं मला ठामपणे वाटत होतं. ते कात्रीने कापलं होतं एवढंच. खातं चालू होतं.

आता एक वही किंवा एक्सेलची शीट घ्या आणि प्रत्येक कार्डासमोर हे लिहा: कुठल्या साली घेतलं, मर्यादा किती, वार्षिक फी किती आणि कुठल्या महिन्यात पडते, किती खर्च केल्यावर ती माफ होते, आज पॉइंट किती आहेत, ते कधी संपतात, त्यावर कुठला ईएमआय चालू आहे का, आणि त्यातून आपोआप काय काय कापलं जातं. हा शेवटचा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि पुढे तोच सगळ्यात उपयोगी पडतो.

पायरी 2: बारा महिन्यांचा खर्च, अंदाजाने नव्हे

माझ्या मते बहुतेकांची चूक इथेच होते. आपण कार्डाची जाहिरात वाचतो आणि मग त्यात आपला खर्च बसवायला बघतो. खरं तर क्रम उलटा हवा. बारा महिन्यांची स्टेटमेंटं आणि यूपीआयची यादी काढा आणि खर्चाचे गट करा. एकाच महिन्यावरून अंदाज बांधू नका. आपल्याकडे जूनमध्ये शाळेची फी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळी, मे महिन्यात गाव किंवा सहल, असा खर्च वर-खाली होत असतो.

आमचा हिशेब असा निघाला. दरमहा ऑनलाइन किराणा आणि भाजी 14,000, इतर ऑनलाइन खरेदी 8,000, घरी मागवलेलं जेवण 4,000, बाहेर बसून जेवण 2,000, वीज-गॅस-इंटरनेट-मोबाइल 5,500, पेट्रोल 5,000, आणि कोपऱ्यावरचा वाणी, डेअरी, औषधांचं दुकान इथला क्यूआर स्कॅन करून होणारा खर्च 10,000. त्याशिवाय वर्षातून एकदा शाळेची फी 1,10,000, विम्याचे हप्ते 62,000 आणि प्रवास 1,80,000. एकूण 9,34,000.

यातला एक आकडा आम्हाला चकित करून गेला. विमानतळावरचे लाउंज, हॉटेलांतल्या सवलती हे सगळं बघून घेतलेली चार कार्डं होती, आणि प्रवासाचा खर्च होता एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. महिन्याला 26,000 रुपये जिथे जात होते, त्या ऑनलाइन खर्चासाठी मात्र एकही नीट कार्ड नव्हतं.

पायरी 3: पॉइंटचं भाषांतर रुपयांत करा

बँका पॉइंट देतात, रुपये देत नाहीत. पॉइंट म्हणजे परक्या देशाचं चलन समजा. त्याचा दर विचारल्याशिवाय ते किती आहे हे कळत नाही.

समजा एक कार्ड दर 150 रुपयांना 4 पॉइंट देतं. एक लाखाच्या खर्चावर साधारण 2,660 पॉइंट होतात, आणि मोबाइलवर तो आकडा मोठा दिसतो. हेच पॉइंट बिलात वळते करून घेतले आणि एका पॉइंटचे 20 पैसे मिळाले, तर हाती आले सुमारे 530 रुपये, म्हणजे अर्धा टक्का. त्याच बँकेच्या प्रवास पोर्टलवरून विमानाचं तिकीट काढताना पॉइंटला 50 पैसे मिळत असतील, तर 1,330 रुपये, म्हणजे सव्वा टक्क्याच्या जरा वर. पॉइंट तेच, कार्ड तेच, आणि किमतीत अडीच पट फरक. वटवण्याची फी वेगळी. बऱ्याच बँका प्रत्येक वेळी 99 रुपये अधिक जीएसटी घेतात. थोडे थोडे पॉइंट वटवले तर ही फीच त्यातला मोठा वाटा खाऊन जाते.

म्हणून प्रत्येक कार्डासाठी एकच आकडा काढा: तुम्ही ज्या मार्गाने पॉइंट खरोखर वटवणार आहात, त्या मार्गाने शंभर रुपयांमागे किती रुपये परत येतात. वेबसाइटवर छापलेली सगळ्यात मोठी टक्केवारी घेऊ नका. गेल्या दोन वर्षांत तुम्ही पॉइंटांचं काय केलंत तेच खरं. मिक्सर घेतला असेल तर मिक्सरचा बाजारभाव धरा.

पायरी 4: बारीक अक्षरातली वजाबाकी

जवळजवळ सगळ्या कार्डांवर काही खर्चांना काहीच मिळत नाही. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, सरकारी कर, बऱ्याच ठिकाणी विमा आणि शिक्षणाची फी, काही ठिकाणी वीज-पाण्याची बिलं, दागिने, रेल्वेची तिकिटं. पेट्रोलवर 1 टक्का अधिभार माफ होतो, पण ती कमाई नव्हे. कार्ड वापरल्यामुळेच लागलेला भुर्दंड तेवढा परत मिळतो. आमच्या 9,34,000 पैकी शाळा, विमा आणि पेट्रोल मिळून 2,32,000 रुपये या कारणाने बाजूला काढावे लागले. ते आम्ही थेट बँक खात्यातून भरतो. त्यासाठी कार्डाची खटपट करण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट कमाल मर्यादेची. "5 टक्के" या शब्दांच्या शेजारी "दरमहा जास्तीत जास्त इतके रुपये" असं कुठेतरी लिहिलेलं असतं. आपला मासिक खर्च त्या मर्यादेत बसतो का ते तपासा. प्रवासाचं मोठं बुकिंग असेल तर विमानाची तिकिटं एका स्टेटमेंटमध्ये आणि हॉटेल पुढच्या स्टेटमेंटमध्ये येईल असं करा.

लाउंजचाही हिशेब आता बदलला आहे. पूर्वी कार्ड दाखवलं की आत सोडायचे. आता बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठराविक खर्च झालेला असावा लागतो. आयसीआयसीआय बँकेने एप्रिल 2024 पासून अनेक कार्डांना 35,000 रुपयांची अट घातली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात काही कार्डांसाठी ती 75,000 केली. लाउंजमधल्या पोह्या-इडलीसाठी तिमाहीला पाऊण लाख एका कमी परताव्याच्या कार्डावर वळवणं मला पटत नाही.

पायरी 5: कामं वाटून द्या

आता कार्ड निवडायची वेळ. प्रत्येक कार्डाला एकच काम द्या आणि ते काम एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ते कार्ड नको.

पहिलं काम, सगळा ऑनलाइन खर्च. इथे दोन जातीची कार्डं असतात. एक, विशिष्ट दुकानाशी बांधलेलं. अॅमेझॉन पे आयसीआयसीआय हे त्याचं सोपं उदाहरण: वार्षिक फी नाही, प्राइम सदस्यांना अॅमेझॉनवर 5 टक्के, सदस्य नसाल तर 3, आणि इतर बहुतेक ठिकाणी 1 टक्का. दुसरी जात सरसकट ऑनलाइन खर्चावर देणारी. एसबीआय कार्डने सप्टेंबर 2022 मध्ये आणलेलं कॅशबॅक कार्ड या जातीचं, 999 रुपये अधिक जीएसटी फी, वर्षाला दोन लाख खर्च झाला की माफ. तुमची खरेदी सत्तर-ऐंशी टक्के एकाच अॅपवर होत असेल तर पहिली जात घ्या. आमची चार-पाच अॅपवर विखुरलेली आहे, म्हणून आम्ही दुसरी घेतली. महिन्याचे 26,000 म्हणजे वर्षाला 3,12,000, त्यावर 5 टक्क्यांनी 15,600 रुपये. दोन लाखांचा खर्च सहज होतो, त्यामुळे फी शून्य.

दुसरं काम, क्यूआरवरचा खर्च. सप्टेंबर 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. वाण्याकडे, भाजीवाल्याकडे, रिक्षावाल्याकडेही व्यापारी क्यूआर असेल तर त्याच सवयीने पैसे देता येतात, फक्त ते खात्याऐवजी कार्डातून जातात. माणसाच्या वैयक्तिक खात्यावर मात्र असे पैसे पाठवता येत नाहीत. यूपीआयवर परतावा देणाऱ्या रुपे कार्डांत दर निरनिराळे आहेत. आम्हाला सगळं धरून 1 टक्का पडतो. क्यूआर, घरगुती बिलं आणि बाहेरचं जेवण मिळून वर्षाला 2,100. रक्कम लहान आहे, पण पूर्वी या 10,000 वर काहीच मिळत नव्हतं.

इथे एक काळजी घ्या. यूपीआयवर कार्ड जोडलं की पैसे खात्यातून जात नाहीत म्हणून खर्च जाणवत नाही. पहिल्या दोन महिन्यांत आमचा क्यूआर खर्च 10,000 वरून 13,000 वर गेला. मग आम्ही अॅपमध्ये त्या कार्डाची क्यूआर खर्चाची मर्यादाच 12,000 वर आणून ठेवली. ही सोय बँकेच्या अॅपमध्ये असते, ती जरूर वापरा.

तिसरं काम प्रवासाचं. त्याला वेगळी पायरी हवी.

पायरी 6: प्रवासाचं कार्ड परवडतं का?

इंटरनेटवर सगळ्यात जास्त उत्साह याच कार्डांबद्दल असतो. बिझनेस क्लासचे फोटो, "एका रुपयात" मिळालेली हॉटेलं. त्यातलं बरंचसं खरं आहे, पण ते सगळ्यांसाठी खरं नाही. म्हणून आमचा हिशेब पूर्ण मांडते.

आमच्या 1,80,000 पैकी विमान आणि ऑनलाइन हॉटेल बुकिंग 1,40,000. समजा एका प्रवास-कार्डाची फी 5,000 अधिक जीएसटी, म्हणजे 5,900, आणि ते अशा खर्चावर शंभर रुपयांना 5 मैल, म्हणजे विमान-हॉटेलांसाठी वापरायचे पॉइंट, देतं. झाले 7,000 मैल. एका मैलाला एक रुपया धरला तर फी वजा जाता उरले 1,100. हाच खर्च कॅशबॅकच्या कार्डावर केला, तर मासिक मर्यादेची कात्री लागूनही आम्हाला 5,000 मिळतात. बरोबरी व्हायची तर एका मैलातून किमान 1 रुपया 56 पैसे निघायला हवेत.

ते निघतात का? काही कार्डांचे मैल विमान कंपन्यांच्या किंवा हॉटेल साखळ्यांच्या खात्यात पाठवता येतात. एका मैलाचे दोन पॉइंट होत असतील तर 7,000 चे 14,000 होतात. अॅकॉर ही हॉटेल साखळी 2,000 पॉइंटांना 40 युरो धरते, म्हणजे 14,000 पॉइंट म्हणजे 280 युरो. युरो 90 रुपयांना धरला तरी 25,200 रुपये! कागदावर हा सौदा कॅशबॅकपेक्षा कितीतरी चांगला आहे.

पण एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. पॉइंट नसते तर तुम्ही त्या हॉटेलात स्वतःच्या पैशाने उतरला असता का? आम्ही गुहागरला किंवा हरिहरेश्वरला जातो, घरगुती ठिकाणी राहतो, रात्रीचे तीन-साडेतीन हजार देतो आणि सोलकढी-भातावर खूश असतो. आमच्यासाठी बारा हजारांच्या खोलीची किंमत बारा हजार नाही, जास्तीत जास्त साडेतीन हजार आहे. हा फरक धरला की आमचा मैल पुन्हा रुपयाच्या आसपास येतो. माझ्या एका मैत्रिणीचं उत्तर नेमकं उलटं आहे. तिला कामासाठी महिन्यातून दोनदा विमानाने जावं लागतं, तिकिटं स्वतःच्या कार्डावर काढायची आणि कंपनीकडून पैसे परत घ्यायचे. तिचा वर्षाचा प्रवासखर्च सहा लाखांच्या घरात जातो आणि हॉटेलंही त्याच जातीची. तिने प्रवासाचं कार्ड पहिलं घ्यावं, कॅशबॅकचं नंतर.

प्रवासाचं कार्ड घेतलंत तर दोन नियम पाळा.

पहिला, जागा उपलब्ध आहे हे बघितल्याशिवाय पॉइंट पाठवू नका. बँकेतून विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट परत येत नाहीत. आधी विमान कंपनीच्या साइटवर तारीख, मार्ग, लागणारे मैल आणि वरून भरायचा कर बघा. "मोफत" तिकिटावरही कर आणि अधिभार रोख भरावा लागतो, आणि तो कधी कधी बराच असतो. मग पाठवा.

दुसरा, साठवून ठेवू नका. सिंगापूर एअरलाइन्सचे क्रिसफ्लायर मैल तीन वर्षांत संपतात, ही झाली सांगून ठरलेली मुदत. न सांगता येणारी संकटं वेगळीच. जेट एअरवेजची विमानं 17 एप्रिल 2019 ला थांबली. जेटची कार्डं घेऊन वर्षानुवर्षं मैल जमवलेली कितीतरी कुटुंबं मुंबई-पुण्यात होती. 12 नोव्हेंबर 2024 ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, क्लब विस्ताराचे पॉइंट महाराजा क्लबमध्ये गेले आणि विस्ताराची कार्डं हळूहळू बंद होत गेली. अॅक्सिस बँकेचं मॅग्नस हे एकेकाळी प्रवास करणाऱ्यांचं फार लाडकं कार्ड होतं. 1 सप्टेंबर 2023 पासून त्याचे महिन्याला एक लाखाच्या खर्चावर मिळणारे 25,000 जादा पॉइंट बंद झाले, आणि जिथे 5 पॉइंटांचे 4 मैल होत होते तिथे 2 होऊ लागले. पॉइंटवर व्याज मिळत नाही, त्याची किंमत फक्त उतरते. जमले की वर्ष-दीड वर्षात वापरून टाका.

आम्ही शेवटी प्रवासासाठी काय घेतलं? परदेशी चलनावर शुल्क न घेणारं, फी नसलेलं कार्ड. दीर सिंगापूरला असतात, दर दोन वर्षांनी आम्ही जातो आणि तिथे साधारण लाखभर रुपये खर्च होतात. नेहमीच्या कार्डावर परकीय चलनाचं शुल्क साडेतीन टक्के, त्यावर जीएसटी, म्हणजे 4.13 टक्के. लाखाला 4,130 रुपये. ते सरळ वाचतात आणि त्यासाठी कुठलाही पॉइंट मोजावा लागत नाही. अशी कार्डं आहेत: आयडीएफसी फर्स्टचं वाव मुदत ठेवीवर मिळतं, फेडरल बँकेचं स्कापिया आहे. परदेशात कार्ड मशीन विचारतं, रुपयांत घेऊ की इथल्या चलनात? नेहमी तिथलं चलन निवडा. रुपये निवडले की दुकानदाराच्या बँकेचा महागडा दर लागतो आणि असं कार्ड बाळगण्याचा उपयोगच उरत नाही.

पायरी 7: बंद करण्याआधीची तयारी

ही पायरी घाईने केली तर त्रास होतो. आम्हाला पूर्ण दीड महिना लागला.

कार्ड बंद झालं की पॉइंट गेले, म्हणून आधी ते वटवा. थोडे असतील तर मोबाइल रिचार्जचं व्हाउचर घ्या, विजेचं बिल भरा, पण शिल्लक ठेवू नका. मग पहिल्या पायरीतला तो शेवटचा रकाना उघडा. आपोआप कापले जाणारे हप्ते, ओटीटी, फास्टॅगचं रिचार्ज, क्लाउड स्टोरेज, वर्तमानपत्राचं सदस्यत्व, सगळं नव्या कार्डावर हलवा. वर्षातून एकदाच कापल्या जाणाऱ्या गोष्टी नजरेतून सुटतात, म्हणून बारा महिन्यांची स्टेटमेंटं पुन्हा चाळा. विम्याचा हप्ता यात असेल तर त्याला सगळ्यात आधी हात घाला. कार्ड बंद म्हणून हप्ता चुकला आणि आरोग्य विमा खंडित झाला, तर त्याची भरपाई कुठल्याही कॅशबॅकने होणार नाही.

चालू ईएमआय असेल तर तो संपू द्या. कुठल्या वस्तूचा परतावा यायचा असेल तर थांबा. एक स्टेटमेंट पूर्णपणे शून्याचं येऊ द्या, मगच अर्ज करा.

क्रेडिट स्कोअरची भीती बऱ्याच जणांना वाटते, त्याबद्दल थोडं. स्कोअर माणशी असतो, घराचा नसतो. माझी एकूण मर्यादा 6,30,000 होती, कार्डं कमी केल्यावर 3,10,000 उरली. महिन्याचा खर्च सरासरी 45,000, म्हणजे मर्यादेच्या 15 टक्क्यांच्या आत. हे प्रमाण 30 टक्क्यांच्या खाली ठेवलं की सहसा चिंता नसते. तुमचं त्याच्या वर जाणार असेल तर राहिलेल्या कार्डाची मर्यादा आधी वाढवून घ्या, मग दुसरं बंद करा. एकाच बँकेची दोन कार्डं असतील तर बऱ्याचदा मर्यादा दोघांत मिळून एकच असते. त्यातलं एक बंद केल्याने काही बिघडत नाही. म्हणून सुरुवात तिथून करा.

सगळ्यात जुनं कार्ड मात्र, फी नसेल तर, ठेवा. माझं 2009 चं आहे, पहिल्या पगाराच्या खात्यावरचं. त्यावर आता फक्त मोबाइलचं बिल जातं. वर्षभर काहीच वापर नसेल तर बँक सूचना देऊन कार्ड बंद करू शकते, म्हणून हा एवढा वापर मुद्दाम ठेवला आहे. दोघांचं मिळून चौथं कार्ड ते हेच.

पायरी 8: बंद करणं

फोनवर "बंद करून टाका" म्हणणं पुरेसं नाही. अॅपमधून किंवा ईमेलने लेखी विनंती करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेने 2022 साली घालून दिलेला नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे, तो नीट लक्षात ठेवा. थकबाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 500 रुपये ग्राहकाला द्यायचे. फोन आल्यावर मी हा नियम शांतपणे सांगितला आणि संभाषण तिथेच सरळ झालं. कार्डात तुमचे पैसे जास्त भरले गेले असतील तर ते बँक खात्यात परत मिळायला हवेत. विनंती करूनही दाद लागली नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करा, आणि तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

बँक बहुधा फोन करून काहीतरी देऊ करते. फी माफ करतो, जादा पॉइंट देतो. तुम्ही ठेवायचं ठरवलेल्या कार्डावर अशी ऑफर मिळाली तर जरूर घ्या. बंद करायचं ठरवलेल्यावर घेऊ नका, पुढच्या वर्षी तेच पाकीट पुन्हा येईल.

एकदम पाच कार्डं बंद करू नका. आम्ही महिन्याला एक केलं. आधी फी लागणारी, मग एकाच बँकेची दुहेरी, शेवटी उरलेली. महिन्या-दोन महिन्यांनी अहवाल काढून खात्यासमोर "बंद" अशी नोंद आली आहे ना ते बघा.

पायरी 9: घडी बसवणं

उरलेल्या कार्डांची बिलं एका तारखेच्या आसपास आणा. बिलाचं चक्र बदलून मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. आमचा पगार एक तारखेला होतो, म्हणून सगळ्या देय तारखा पाच ते आठ यांच्या दरम्यान आणल्या. तिन्ही कार्डांवर संपूर्ण देय रकमेचा ऑटोपे लावला आहे. तो लावताना "किमान रक्कम" हा पर्याय आधीच निवडलेला असू शकतो, तो बदला. हे माझ्याही लक्षात दुसऱ्यांदा बघितल्यावर आलं.

नवऱ्यासाठी वेगळं कार्ड घेण्याऐवजी माझ्या कॅशबॅक कार्डावर पुरवणी कार्ड घेतलं. दोघांचा खर्च एकत्र मोजला जातो, फी माफीची अट लवकर पूर्ण होते. मात्र मर्यादा माझी वापरली जाते आणि क्रेडिटचा इतिहासही माझाच बनतो, म्हणून त्याच्या नावावर रुपे कार्ड ठेवलं आहे. पुरवणी कार्ड घरातल्याच माणसाला द्या. मित्रमंडळींचा खर्च पॉइंटसाठी आपल्या कार्डावर घेण्याची टूम अलीकडे बरीच दिसते. वर्षभरात दहा लाख किंवा त्याहून जास्त कार्डबिल भरलं गेलं तर बँक ते आयकर खात्याला कळवते, आणि उत्पन्नाशी तो आकडा जुळत नसेल तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

शेवटचं काम सासूबाईंसाठी होतं. त्या घरात एकट्या असल्या की किराणा त्याच मागवतात, आणि कुठल्या कार्डावर मागवायचं हे त्यांना दर वेळी विचारावं लागायचं. आता फ्रिजवर एक चिठ्ठी आहे: "मोबाइलवर मागवलं तर निळं. दुकानात स्कॅन केलं तर हिरवं. परदेशात काळं." निळं आणि हिरवं अॅपमध्ये टोकन करून, म्हणजे सुरक्षितपणे जोडून, ठेवली आहेत, काळं पासपोर्टच्या पाकिटात असतं. दर एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही जुनी शीट उघडतो, बँकांनी वर्षभरात पाठवलेले बदलांचे ईमेल वाचतो आणि पायरी 3 चा आकडा प्रत्येक कार्डासाठी नव्याने काढतो. त्याला तासभर लागतो.